खाटकाकडची चरबी आणि घरची साबणवडी

अमेरिकेत घरी साबण करणाऱ्यांपैकी अनेकांची सुरुवात खाटकाच्या दुकानातून होते. मांस कापून, साफ करून विक्रीला मांडलं की मागे पांढऱ्या चरबीचा ढीग उरतो. गिऱ्हाइकाला ती नको असते. दुकानदार ती टाकून देतो, नाहीतर चरबी गोळा करणाऱ्या कारखान्याच्या गाडीत भरतो. आधी सांगून ठेवलं तर हीच चरबी तो नाममात्र दरात देतो, कधी फुकटही देतो. मांस बाहेरून पाकिटबंद होऊन येतं अशा मोठ्या दुकानांत हे जमत नाही. जिथे कापण्याचं काम जागेवरच चालतं अशी लहान दुकानं आणि खेड्यातले कत्तलखाने त्यासाठी शोधावे लागतात. डुकरं किंवा गुरं पाळणारे शेतकरी थेट विक्री करत असतील तर त्यांच्याकडेही विचारता येतं.

मात्र सगळी चरबी सारखी नसते. डुकराच्या मूत्रपिंडांभोवती पोटाच्या आत जी चरबी असते ती सर्वांत पांढरी आणि वासाला सौम्य. पाठीवरच्या कातडीखालची चरबी तिच्यापेक्षा मऊ. गुरांमध्येही मूत्रपिंडांभोवतीचीच चरबी उत्तम. ती कोरडी आणि ठिसूळ असते, हातानं मोडली तरी तुकडे पडतात. डुकराची वितळवून गाळलेली चरबी म्हणजे लार्ड. गुरांची किंवा शेळ्यामेंढ्यांची म्हणजे टॅलो. लार्ड साधारण ३० ते ४० अंश सेल्सिअसला वितळतं, टॅलोला ४० अंशांहून अधिक उष्णता लागते. कोंबडी किंवा बदकाची चरबी फारच मऊ, त्यामुळे नुसत्या तिच्यापासून कडक वडी होत नाही; ती दुसऱ्या चरबीत थोडी मिसळतात.

कच्ची चरबी तशीच वापरता येत नाही. तिच्यात मांसाचे धागे, पडदे आणि रक्ताचे अंश असतात, आणि ते राहिले तर साबण वास मारतो. म्हणून ती कढवावी लागते. चरबीचे बारीक तुकडे करायचे, किंवा खिमा करून घ्यायचा. जाड बुडाच्या भांड्यात थोडं पाणी आणि मीठ घालून मंद आचेवर काही तास ठेवायचं. पाण्यामुळे चरबी करपत नाही, आणि मळ पाण्यात उतरतो. लोणी कढवताना तूप वर येतं आणि बेरी खाली बसते, तसंच इथेही तेल सुटतं आणि तपकिरी चुरा उरतो. मग ते कापडातून गाळून थंड होऊ द्यायचं. दुसऱ्या दिवशी पाण्यावर पांढरी घट्ट चकती जमलेली असते. ती उचलून खालच्या बाजूला चिकटलेला करडा थर सुरीनं खरवडून काढायचा. वास उरला असेल तर नवं पाणी घालून हीच कृती पुन्हा करायची. तळणीतून उरलेली चरबीसुद्धा अशा रीतीनं धुऊन घेता येते. तिच्यातलं मीठ आणि मसाल्याचा अंश पाण्यात निघून जातो.

यातली कुठलीही पायरी नवी नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी यानं गॉल लोकांच्या साबणाची नोंद केली आहे. तो चरबी आणि राखेपासून होत असे, आणि प्लिनीच्या मते बीच वृक्षाची राख आणि शेळीची चरबी यांचा साबण उत्तम. ते लोक तो केसांना तांबूस छटा आणण्यासाठी वापरत.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी शेतघरांत साबण हे वर्षाच्या चक्रातलंच एक काम होतं. थंडी पडू लागली की डुकरं कापली जात आणि चरबी साठवली जात असे. चुलीची राख हिवाळाभर जमवली जाई. तळाशी गवत अंथरलेल्या लाकडी पिंपात किंवा तिरक्या फळ्यांच्या खोक्यात ती राख भरून वरून पावसाचं पाणी ओतत. खालून झिरपणारं तपकिरी पाणी म्हणजे पोटॅशचं क्षारद्रव. ते पुरेसं तीव्र झालं की नाही हे पाहायला त्यात अंडं सोडत. अंड्याचा नाण्याएवढा भाग वर राहिला की द्रव तयार झाला असं मानत. अंगणात लोखंडी कढईत चरबी आणि हा द्रव तासन्‌तास उकळला की दाट, तपकिरी, मऊ साबण मिळे. राखेतला क्षार पोटॅशियमचा असल्यानं तो वडीसारखा घट्ट होत नसे. घट्ट करायचा तर मीठ घालावं लागे, आणि ते महाग असल्यामुळे बहुतेक घरांत पिंपातला मऊ साबणच वर्षभर चाले.

राखेतल्या या क्षाराला त्या काळी मोठी किंमत होती. अमेरिकी सरकारनं दिलेलं पहिलंच पेटंट ३१ जुलै १७९० या तारखेचं आहे. ते सॅम्युएल हॉपकिन्स यांच्या पोटॅश तयार करण्याच्या सुधारित पद्धतीसाठी होतं, आणि त्यावर राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांची सही आहे. त्याच देशाच्या संस्थापकांपैकी एक असलेले बेंजामिन फ्रँकलिन यांचे वडील बॉस्टनमध्ये चरबीच्या मेणबत्त्या आणि साबण करत असत. दहाव्या वर्षी शाळा सुटल्यावर फ्रँकलिन त्याच कामाला लागले होते.

चरबी आणि क्षार यांच्यात नेमकं काय घडतं हे मात्र कित्येक शतकं कुणाला ठाऊक नव्हतं. ते कोडं उलगडलं मिशेल यूजेन शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं. १८११ मध्ये डुकराच्या चरबीपासून केलेल्या साबणाचा नमुना त्यांच्याकडे तपासणीसाठी आला. त्यावरून सुरू झालेलं संशोधन १८२३ मध्ये प्राणिज चरबीवरच्या त्यांच्या प्रसिद्ध ग्रंथात पूर्ण झालं. चरबी हा एकच अखंड पदार्थ नसून तिच्यात ग्लिसरीन आणि स्निग्धाम्लं एकत्र बांधलेली असतात. क्षार ही बांधणी सोडवतो, स्निग्धाम्लांशी जोडला जाऊन साबण होतो आणि ग्लिसरीन मोकळं होतं, असं त्यांनी दाखवून दिलं. शेव्रल १०२ वर्षं जगले.

कोणती चरबी कसा साबण देते याचं उत्तरही या स्निग्धाम्लांतच आहे. टॅलोमध्ये पामिटिक आणि स्टिअरिक ही आम्लं भरपूर असतात. त्यामुळे वडी कडक होते, पाण्यात लवकर विरघळत नाही आणि बरेच दिवस टिकते. लार्डमध्ये ओलेइक आम्लाचा वाटा अधिक, म्हणून त्याचा साबण जरा सौम्य आणि मऊसर. दोन्हींचा फेस बारीक आणि दाट येतो. मोठे बुडबुडे हवे असतील तर लॉरिक आम्ल लागतं. ते खोबरेल तेलात जवळजवळ निम्मं असतं. म्हणूनच चरबीवाले साबणकर्तेही थोडं खोबरेल मिसळतात.

आता राखेचं पाणी कुणी गाळत नाही. बाजारात मिळणारा शुद्ध कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, वापरला जातो आणि वडी आपोआप घट्ट होते. पण त्याचं प्रमाण डोळ्यांच्या अंदाजावर सोडता येत नाही. एक किलो लार्ड किंवा टॅलोचा पूर्ण साबण व्हायला सुमारे १४० ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, तर एक किलो खोबरेल तेलाला सुमारे १८३ ग्रॅम. समजा, ७०० ग्रॅम लार्ड आणि ३०० ग्रॅम खोबरेल घेतलं, तर हिशेब १५३ ग्रॅमच्या आसपास जातो. त्यातून पाच टक्के कमी करून सुमारे १४५ ग्रॅम सोडा घेतात, म्हणजे थोडी चरबी साबण न होता उरते आणि वडी त्वचेला कोरडी वाटत नाही. पाणी सोड्याच्या दुपटीहून थोडं अधिक, ३२० ग्रॅमच्या सुमारास. एक-एक ग्रॅम दाखवणारा वजनकाटा नसेल तर या कामाला हात घालू नये.

कॉस्टिक सोडा डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे ही इथली पहिली गरज आहे. सोडा थोडा थोडा करून पाण्यात घालायचा. सोड्यावर पाणी कधीही ओतायचं नाही, कारण ते उसळून अंगावर येतं. सोडा मिसळताच पाणी कुणी चुलीवर न ठेवताही उकळत्या पाण्याच्या जवळपास तापतं आणि त्यातून घशाला झोंबणारी वाफ येते, म्हणून हे काम खिडकीजवळ किंवा बाहेर करायचं. ॲल्युमिनियमचं भांडं चालत नाही. सोड्याशी त्याची क्रिया होऊन हायड्रोजन वायू निघतो. स्टील किंवा जाड प्लॅस्टिक वापरावं. मुलं आणि पाळीव प्राणी त्या वेळी आसपास असता कामा नयेत.

सोड्याचं पाणी आणि वितळलेली चरबी दोन्ही कोमट झाली की एकत्र करून घोटायची. मिश्रण दाट होत जातं आणि चमच्यातून सोडलेली धार वर क्षणभर तशीच दिसू लागते. तेव्हा ते साच्यात ओतायचं. एक-दोन दिवसांत ते कापण्याइतकं घट्ट होतं. पुढे वड्या चार ते सहा आठवडे हवेशीर जागी ठेवतात. या काळात पाणी उडून वडी कडक आणि सौम्य होते.

चरबीला उद्योगानं आपलंसं केलं ते एकोणिसाव्या शतकात. ओहायो राज्यातलं सिनसिनाटी हे डुकरांच्या मांसाच्या व्यापाराचं एवढं मोठं केंद्र होतं की त्याला पोर्कोपोलिस म्हणत. त्या शहरात मुबलक चरबी मिळत असल्यानं मेणबत्त्या करणारे विल्यम प्रॉक्टर आणि साबण करणारे जेम्स गॅम्बल यांनी १८३७ मध्ये भागीदारी केली. दोघे साडू होते. साबण दुकानात स्वस्त मिळू लागला आणि घरच्या कढया हळूहळू मागे पडल्या.

दुसऱ्या महायुद्धात मात्र स्वयंपाकघरातली चरबी पुन्हा मोलाची ठरली. आशियातून येणारी तेलं थांबली होती आणि स्फोटकांसाठी ग्लिसरीन हवं होतं. १९४२ पासून अमेरिकी गृहिणींना तळणीतून उरलेली चरबी डब्यात गाळून खाटकाकडे नेऊन देण्याचं आवाहन करण्यात आलं. त्याबद्दल पैसे मिळत, पुढे शिधापत्रिकेचे गुणही मिळू लागले. डिस्नेनं या मोहिमेसाठी मिनी माउस आणि प्लुटो यांचा एक छोटा चित्रपटही काढला. १९७० च्या दशकात घरी साबण करण्याची आवड तिथे नव्यानं रुजली. १९७२ मध्ये आलेलं ॲन ब्रॅमसन यांचं साबणावरचं पुस्तक अनेकांचं पहिलं मार्गदर्शक ठरलं. आज जे लोक लार्ड आणि टॅलोकडे वळतात त्यांच्या मनात आणखी एक विचार असतो. जनावर मारलंच आहे तर त्याचा कोणताही भाग वाया जाऊ नये, आणि साबणासाठी पामतेलाच्या नव्या लागवडीची गरज पडू नये.

भारतात चित्र वेगळं आहे आणि त्याची कारणंही ठोस आहेत. इथे अंग आणि केस धुण्यासाठी बेसन, रिठा, शिकेकाई होती. परदेशी साबण आले तेव्हा त्यांत चरबी आहे हे कळल्यावर हिंदू, मुस्लिम आणि जैन कुटुंबांत स्वाभाविकच नाराजी होती. मुंबईचे उद्योजक अर्देशीर गोदरेज यांनी १९१८ मध्ये चरबीविना, वनस्पती तेलापासून केलेला ‘चावी’ साबण बाजारात आणला. स्वदेशीच्या त्या काळात रवींद्रनाथ टागोरांनी गोदरेजच्या साबणाची जाहीर शिफारस केली होती. पुढे १९८३ मध्ये वनस्पती तुपात गुरांची चरबी मिसळल्याचं उघडकीला आलं आणि देशभर संताप उसळला. आज प्राण्यांच्या चरबीची आयात भारतात मना आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून गायींबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे.

महाराष्ट्रात सहज मिळते ती बोकडाची चरबी. मटणाच्या दुकानात ती बाजूला काढलेली असते. तिचा टॅलो गुरांच्या टॅलोइतकाच कडक होतो आणि सोड्याचं प्रमाणही जवळपास तेच. मांसाहारी घरातल्या हौशी माणसाला खोबरेल तेलासोबत ती वापरता येईल. पण असा साबण कुणाला भेट द्यायचा किंवा विकायचा असेल तर त्यात कोणत्या प्राण्याची चरबी आहे हे आधी स्पष्ट सांगायलाच हवं. समोरच्याची श्रद्धा, व्रत किंवा शाकाहार काय आहे हे ठरवण्याचा हक्क साबण करणाऱ्याला नाही.

दुकानातून आणलेल्या वडीबद्दलही ही माहिती बरीचशी वेष्टनावर मिळते. सोडियम टॅलोएट म्हणजे गुरांची किंवा शेळ्यामेंढ्यांची चरबी, सोडियम लार्डेट म्हणजे डुकराची. सोडियम पामेट पामतेलापासून येतं, सोडियम कोकोएट खोबरेलापासून. स्टिअरिक आम्ल आणि ग्लिसरीन ही नावं मात्र दोन्ही बाजूंची असू शकतात, कारण ती प्राण्यांच्या चरबीतूनही मिळतात आणि वनस्पतींतूनही. त्यांच्याबाबत शंका असेल तर वेष्टनावर शाकाहारी असल्याचा उल्लेख पाहावा, आणि तो नसेल तर कंपनीच्या ग्राहक सेवेकडे लेखी विचारणा करावी.