चाळीस डब्यांतलं भाडं

वेंगुर्ले तालुक्यातला काजूचा एक छोटा कारखाना. वाफवलेली काजूबी कटिंग मशीनच्या पात्यात धरायची, पायाने दाब द्यायचा, टरफल फोडून आतला गर अलगद काढायचा. टरफलाच्या तेलाने कातडी भाजते, म्हणून बायका आधी हातांना तेल चोपडतात. गर भट्टीत सुकला की साल निघते, मग प्रतवारी होते आणि माल दहा-दहा किलोंच्या डब्यांत बंद होतो. एक किलो गराला साधारण साडेचार किलो बी लागते.

मी तिथे खर्चाचा हिशेब मांडायला जात असे. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल करून देतो. बी, किलोमागे दिली जाणारी मजुरी, जळण आणि डबा मिळून एका किलोला ६०० रुपये. हा बदलता खर्च. काम थांबलं की तोही थांबतो. शेडचं भाडं, देखरेख करणाऱ्याचा पगार आणि यंत्रांचा घसारा मिळून महिन्याला एक लाख. हा स्थिर, गणपतीत आठवडाभर कुलूप असलं तरी तो चालूच. नेहमीचं उत्पादन महिन्याला १,००० किलो, म्हणजे किलोवर १०० रुपयांचा भार. विक्री ७५० रुपयांनी.

ऑगस्टच्या सुरुवातीला शिल्लक माल नव्हता. त्या महिन्यात १,००० किलो तयार झाले, ६०० विकले. संपूर्ण परिव्ययाने, म्हणजे अॅब्सॉर्प्शनने, किलोचा खर्च ७०० आणि नफा ३०,०००. सीमांत परिव्ययाने, म्हणजे मार्जिनलने, किलोमागे १५० रुपये अंशदान, म्हणजे विक्रीतून बदलता खर्च वजा जाता उरलेली रक्कम. सहाशे किलोंचे ९०,००० झाले, त्यातून एक लाख वजा केले की १०,००० तोटा.

मालक काका दोन्ही कागद हातात घेऊन गोदामाच्या दारात उभे राहिले.

"डबे हंय आसत, मगे तोटो खंयसून इलो?"

मी म्हटलं, "काका, फरक त्या डब्यांतच आहे." आत चाळीस डबे रचलेले होते. पहिल्या कागदाने प्रत्येक डब्यात शेडचं भाडं, पगार आणि घसारा मिळून हजार रुपये भरून ठेवले होते. दुसऱ्याने सगळे लाख ऑगस्टच्याच माथी मारले. चाळीस हजारांचं अंतर ते एवढंच.

सप्टेंबरात गणपती. बायका घरी, उत्पादन ६०० किलो. पण सणासुदीची मागणी आली आणि गोदाम रिकामं झालं. १,००० किलो गेले. मार्जिनलने नफा ५०,००० दाखवला. अॅब्सॉर्प्शनने फक्त १०,०००, कारण न बनलेल्या ४०० किलोंवरचा भार कुठल्याच डब्यावर बसला नाही, तो थेट त्या महिन्यावर पडला. विक्री वाढली आणि नफा घटला! जोनाथन हॅरिस या अमेरिकी लेखापालाने १९३६ साली नेमक्या याच कोड्यावर लिहिलं होतं. दोन महिन्यांची बेरीज मात्र दोन्हींकडे ४०,००० च येते.

मग खरा कागद कोणता? वार्षिक ताळेबंदासाठी पर्यायच नाही. लेखा मानक २ नुसार शिल्लक मालाच्या किमतीत उत्पादनाचा स्थिर खर्च धरावाच लागतो, तोही नेहमीच्या क्षमतेवर वाटून. निर्णयाच्या टेबलावर मात्र मी मार्जिनलचाच कागद आधी ठेवतो. एक व्यापारी किलोला ६७० देऊ करत होता. पहिला कागद म्हणतो ३० रुपये तोटा. दुसरा म्हणतो ७० रुपये भाड्याला हातभार. मशीन रिकामी असतील आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाचा दर बिघडणार नसेल, तर तो माल द्यावा. पण सगळाच माल ६७० ने गेला, तर हजार किलोंमागे ७०,००० जमतात आणि भाडं-पगार भागत नाहीत. इथे पहिला कागद वेळीच जागा करतो.

मला भीती वाटते ती गोदाम भरून मिळवलेल्या नफ्याची. माल पडून राहतो, काजूला वास लागतो, बँकेचं व्याज चढतं आणि कागदावर सगळं हिरवंगार दिसतं. लहान कारखाना चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: महिन्याचा नफा ऐकलात की हिशेबनिसाला विचारा, यातले किती रुपये गोदामात आहेत?