आपली खेळणी, लेकरांची गोष्ट

पालकहो, आपण लहानपणी ज्या खेळण्यात रमलो, ते मुलांना दाखवावे असे कुणाला वाटत नाही? अमेरिकेत १९७७ च्या सुमारास लहान असलेल्या अनेक आईवडिलांकडे असा एक ठेवा आहे.

त्या वर्षी मे महिन्यात 'स्टार वॉर्स' हा चित्रपट आला. अंतराळयाने, यंत्रमानव पाहून मुले वेडावली. खेळणी बनविण्याचा हक्क सिनसिनाटीच्या केनर कंपनीकडे होता. पण नाताळपर्यंत माल तयार होईना. तेव्हा कंपनीने चक्क पुठ्ठ्याचे पाकीट विकले! आत बाहुल्या नव्हत्या, होती एक चिठ्ठी. ती टपालाने पाठवायची, मग १९७८ मध्ये ल्यूक, लेया, च्युबाका आणि आर-टू-डी-टू घरी येणार. बाहुल्या जेमतेम पावणेचार इंचांच्या. म्हणून त्यांना बसायला यानही बेताच्या आकाराचे करता आले.

आज त्या काळच्या न उघडलेल्या खेळण्यांना शौकीन मोठी किंमत देतात. मग ते कपाटात जपावे, की लेकराच्या हाती द्यावे? ज्या घराला पैशाची नड आहे, त्याने विकले तर दोष नाही. पण दिले तर मोकळ्या मनाने द्यावे. आपली गोष्ट त्याच्यावर लादू नये. पोर खलनायकाला डॉक्टर करील, यानाची एसटी करील. करू द्या. एखादा हात मोडला तरी रागावू नका.

महागडे खेळणे नसले तरी अडत नाही. रिकाम्या खोक्याचेही यान होते. त्यात बसून मूल विचारील, "चंद्रावर हवा नाही, मग श्वास कसा घ्यायचा?" तिथूनच विज्ञान सुरू होते. त्या प्रश्नाला गप्प बसवू नका.