उंचीचं वेड (भाग ६) : रजेच्या मापाचा डोंगर

केटीएमची ‘अ‍ॅडव्हेंचर’ चाकणच्या कारखान्यात तयार होते, समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास. उन्हाळा सरत आला की या पट्ट्यातल्या अशा कितीतरी गाड्या, सोबत पल्सर आणि बुलेटही, लडाखच्या वाटेला लागतात. खारदुंगला खिंड ५,३५९ मीटरवर आहे आणि तिथला हवेचा दाब चाकणच्या निम्म्याच्या जवळपास येतो. विरळ हवेत गाडीचीही ताकद घटते. पण दाब मोजणारा सेन्सर आणि गाडीचा संगणक (ईसीयू) मिळून इंधनाचं प्रमाण तिथल्या तिथे कमी करतात आणि गाडी पुढे निघते. तिच्यावर बसलेल्या माणसाच्या शरीराला हीच जुळवाजुळव करायला दिवस लागतात.

माणसं डोंगरांकडे का ओढली जातात, हे मागच्या भागांत पाहिलं. या आठवड्याचा प्रश्न साधा आहे: ती किती दिवसांत जातात?

उंचीवर गेल्यावर शरीर आधी श्वासाचा आणि नाडीचा वेग वाढवतं. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढायला मात्र बराच वेळ लागतो. तेवढा वेळ दिला नाही की डोकं दुखतं, जेवण नकोसं होतं, झोप उडते. इथवर फार बिघडलेलं नसतं. त्याकडे काणाडोळा करून आणखी वर गेलं, तर फुप्फुसात पाणी साचू शकतं. मग बसल्याजागी धाप लागते आणि खोकल्यातून गुलाबी फेस येतो. मेंदूला सूज आली, तर माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, असंबद्ध बोलतो आणि वर ‘मला काही झालेलं नाही’ म्हणून साथीदारांशी हुज्जत घालतो. अशा वेळी त्याला जमिनीवरच्या सरळ रेषेत, टाचेला चवडा लावत चालायला सांगतात. तोल गेला की वाद संपला. औषधं आहेत, ऑक्सिजन आहे, पण खरा इलाज खाली उतरवणं हाच, आणि तोही रात्र असली तरी तेव्हाच.

हे टाळायचा नियम जुना आहे. ३,००० मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरहून अधिक वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा ठेवायचा. आता हा नियम आयटी पार्कातल्या रजेच्या अर्जाशेजारी ठेवून पाहा. दोन शनिवार-रविवार धरून नऊ दिवस. पुण्याहून विमानाने दिल्ली, तिथून सकाळच्या विमानाने साडेतीन हजार मीटरवरचं लेह, आणि दुसऱ्याच दिवशी खारदुंगलाच्या पाटीजवळ फोटो! विश्रांतीचा दिवस काढायचा कुठून?

सह्याद्रीत विरळ हवेची भीती नाही. कळसूबाई १,६४६ मीटरवर संपतं. इथे माणसं दगावतात ती निसरड्या कातळावरून, घसाऱ्यावरून, तहानेने आणि वाट चुकून. मे २०२२ मध्ये दिल्लीचा एक तरुण अभियंता लोणावळ्याजवळच्या नागफणीच्या रानात एकटाच शिरला आणि भरकटला. ‘वाट सापडत नाही’ असा फोन त्याने घरी केला. नंतर संपर्क तुटला. ‘शिवदुर्ग मित्र’ या बचाव पथकाचे स्वयंसेवक आणि एनडीआरएफचे जवान त्या दऱ्या धुंडाळत होते. चौथ्या दिवशी त्याचा मृतदेह सापडला. ही जागा मुंबई-पुणे महामार्गापासून हाकेच्या अंतरावर म्हणावी अशी आहे.

पिंपरी-भोसरीच्या एमआयडीसीला गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते, त्यामुळे लोहगड-विसापूरला रविवारबरोबर गुरुवारीही वर्दळ असते. या गर्दीत कारखान्यांच्या शॉपफ्लोअरवरचे अनेक जण असतात. कामावर पत्र्याच्या शेडवर चढायचं तर हा माणूस आधी वर्क परमिट घेतो, सेफ्टी बेल्ट अडकवतो, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली ओढतो. थोडक्यात निभावलं तरी ‘निअर मिस’ म्हणून त्याची नोंद होते, सकाळच्या मीटिंगमध्ये चर्चा होते. तोच माणूस सुट्टीच्या दिवशी, पावसात, गुळगुळीत तळाच्या बुटांनी लोहगडाच्या विंचूकाटा माचीच्या टोकाकडे निघतो आणि पाय सटकून वाचला तर ती हसण्याची गोष्ट होते. तो बेफिकीर आहे असं नाही. डोंगरात सुपरवायझर नसतो, एवढंच.

मोहिमा आखणाऱ्यांनी हा सुपरवायझर स्वतःतच तयार केलेला असतो. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ या गिर्यारोहण संस्थेने २०१२ साली उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली आठ जणांना एव्हरेस्टवर पोहोचवलं. अशी मोहीम साधारण दोन महिने चालते आणि त्यातला बराचसा काळ वर-खाली करून शरीराला विरळ हवेची सवय लावण्यात जातो. तरीही त्या मोहिमेत रमेश गुळवे यांना पक्षाघाताचा झटका आला आणि पुढे त्यांचं निधन झालं. १५ मे २०१९ रोजी याच संस्थेचे दहा जण ८,५८६ मीटरच्या कांचनजुंगावर पोहोचले. त्याच दिवसांत, त्याच पर्वतावर बंगालचे दोन अनुभवी गिर्यारोहक मृत्यू पावले. तयारीमुळे धोका कमी होतो, संपत नाही.

त्याच महिन्यात एव्हरेस्टवर काय झालं, ते अनेकांनी छायाचित्रात पाहिलं: शिखराच्या धारेवर दोराला खेटून उभी माणसांची रांग. नेपाळने त्या हंगामात ३८१ परवाने दिले होते आणि चांगल्या हवेचे दिवस मोजकेच मिळाले. आठ हजार मीटरच्या वर शरीर सावरत नाही, फक्त झिजतं. तिथे तासन्‌तास खोळंबायचं म्हणजे परतीची ताकद जागच्या जागी संपवायची. शिखर गाठून उतरलेला पुण्याचा २७ वर्षांचा एक गिर्यारोहक शेवटच्या तळावर दगावला. एव्हरेस्टच्या वरच्या टप्प्यातले बहुतेक मृत्यू उतरतानाच होतात. म्हणूनच जाणती मंडळी मागे फिरायची वेळ आदल्या दिवशी ठरवतात. ती झाली की शिखर समोर दिसत असलं तरी पाठ फिरवायची.

ते सोपं नाही. कर्ज काढलेलं असतं, चौकात फ्लेक्स लागलेला असतो. पुणे पोलीस दलातल्या एका दांपत्याने २०१६ साली एव्हरेस्ट चढल्याचा दावा केला आणि पुरावा म्हणून दिलेली छायाचित्रं बनावट निघाली. नेपाळने त्यांच्यावर दहा वर्षांची बंदी घातली, पुढच्या वर्षी नोकरीही गेली. अपयश सांगण्यापेक्षा खोटं सोपं वाटावं, इतका शिखराचा दबाव असतो. त्यांनी निदान जीव धोक्यात घातला नाही, असंही एखादा म्हणेल.

लडाखला निघणाऱ्यांनी रजेत दोन दिवस वाढवून मागावेत, नाहीतर खारदुंगला यादीतून काढावी. आणि सह्याद्रीत जाणाऱ्यांनी गडाचं नाव, चढायची वाट आणि परतायची वेळ कागदावर लिहून घरी ठेवावी. माणूस हरवल्यावर शोधपथक घरच्यांना पहिल्यांदा हेच विचारतं.