लक्ष्मीबाई कर्वे कोठे गेल्या?

एखादे माणूस नाहीसे झाले म्हणजे ते गेले कोठे, हा प्रश्न सर्वांच्या तोंडी येतो. आम्ही त्याच्या आधी दुसरा प्रश्न घालतो. ते माणूस नाही, हे कोणाच्या ध्यानात आले आणि किती दिवसांनी? आपल्या तालुक्यातील चिखल्याच्या किंवा डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीत मजूर पाळीवर आला नाही, तर हजेरी घेणाऱ्याला ते त्याच दिवशी कळते आणि संध्याकाळी त्याचा जोडीदार घरी जाऊन चौकशी करतो. पैसेवाल्याची हजेरी मात्र पुष्कळदा कागदावर लागते. सही येत राहिली की माणूस आहे, असे जो तो धरून चालतो. पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे यांची हकीकत ऐकली म्हणजे यातला धोका कळतो.

लक्ष्मीबाई माहेरच्या इंदुमती पोंक्षे. अकराव्या वर्षी, 1922 साली, त्यांचे लग्न अनंत रामचंद्र कर्वे यांच्याशी झाले. कर्वे धंद्यात यशस्वी झालेले गृहस्थ. ते 1945 साली वारले. पुढे 1954 साली धाकटा मुलगाही गेला. थोरला मुलगा नोकरीनिमित्त दूर असे. पतीच्या आणि मुलाच्या मागे राहिलेली मिळकत, शेअर, बँकेतील रक्कम आणि दागिने सांभाळत ही बाई राहिली. तिला मधुमेह होता आणि क्षयानेही गाठले होते. औषधपाणी करणारे डॉ. अनंत चिंतामण लागू त्याच घरात बिऱ्हाडाला होते. हळूहळू औषध आणि व्यवहार ही दोन्ही एकाच हाती गेली. पुढचे सारे या एका वाक्यात आहे.

1 नोव्हेंबर 1956 रोजी आपला भंडारा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, हे आपणांस ठाऊक आहेच. त्यानंतर अकराच दिवसांनी, 12 नोव्हेंबरच्या रात्री, मुंबईच्या डॉक्टरांना दाखविण्याच्या निमित्ताने लागू लक्ष्मीबाईंना घेऊन पुण्याहून आगगाडीत बसले. पहाटे गाडी बोरीबंदरला पोहोचली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. त्यांना गोकुळदास तेजपाल रुग्णालयात दाखल केले. पण नाव लिहविले ते ‘इंदुमती पौंशे’. शुद्धीवर न येता त्याच दिवशी दुपारपूर्वी त्या वारल्या. रुग्णालयाने पुण्यास लागूंना तार केली. नातेवाईक येऊन प्रेत नेतील, असे उत्तर गेले. पण आले कोणीच नाही. बेवारशी ठरलेले ते प्रेत वैद्यकीय महाविद्यालयाकडे गेले. तेथे मानेवर एक खूण दिसल्याने 23 नोव्हेंबरला शवविच्छेदन झाले. विष सापडले नाही, आणि मृत्यू मधुमेहाच्या मूर्च्छेने झाला असा निष्कर्ष निघाला.

इकडे पुण्यात लक्ष्मीबाई जिवंतच होत्या! आप्तेष्टांना त्यांच्या नावाची पत्रे येऊ लागली. त्यांनी जोशी नावाच्या गृहस्थाशी पुनर्विवाह केला आहे, जयपूरजवळ राठोडी येथे संसार मांडला आहे, परत येणे नाही, असा त्यांतला मजकूर. पत्रे रचणाऱ्याची अक्कल पाहा. पंचेचाळिशीतल्या विधवेने परगावी लग्न केले म्हटल्यावर नातलग लाजेने गप्प बसतील, शोध घेणार नाहीत, हा हिशेब त्यात उघड दिसतो. आम्ही म्हणतो, त्या बाईला झाकून ठेवले ते या लाजेने. दरम्यान खोट्या सह्यांवर तिची संपत्ती लागूंकडे जात राहिली. नातलगांतील काहींचा संशय बळावला, त्यांनी सरकारदरबारी अर्ज केले आणि 1958 साली लागूंना अटक झाली.

आता कायद्याचा पेच. विष सापडले नाही, मग खून कसा म्हणावा? पुण्याच्या सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि 14 डिसेंबर 1959 रोजी सर्वोच्च न्यायालयानेही दोन विरुद्ध एक अशा मताने अपील फेटाळले. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती हिदायतुल्ला हे आपल्या नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. विषप्रयोगात तीन गोष्टी पाहाव्या : मृत्यू विषाने झाला काय, आरोपीजवळ विष होते काय, ते देण्याची संधी त्याला होती काय. पण प्रत्येक विष तपासणीत सापडतेच असे नाही. म्हणून या गोष्टी परिस्थितीवरूनही सिद्ध होऊ शकतात. रुग्णालयात खरे नाव दडविणे, मृत्यू लपविणे, खोटी पत्रे धाडणे, पैसा गिळणे, या कड्या जोडल्या की साखळी पुरी होते. न्यायमूर्ती सरकार यांना मात्र ती पुरी वाटली नाही. त्यांचे भिन्न मतही निकालात नोंदलेले आहे, आणि फाशीच्या खटल्यात ते असणे योग्यच.

कोणी म्हणेल, ही श्रीमंतांची गोष्ट, तिच्याशी आपल्याला काय करायचे? पुष्कळ करायचे आहे. विडी वळणाऱ्या बाईचा भविष्यनिर्वाह निधी आणि खाणमजुराच्या विधवेचे निवृत्तिवेतन हीही मिळकतच आहे, आणि तिच्यावर जगणाऱ्याला ती कर्व्यांच्या शेअरांहून मोलाची आहे. सहीच्या जागी यंत्रावरचा अंगठा आला, मोबाईलवरचा आकडा आला. पण तो अंगठा कोण धरतो आणि तो आकडा कोण वाचतो, हा प्रश्न जुनाच आहे. बँकेचे पुस्तक, कोरे सही केलेले कागद आणि औषधाची बाटली एकाच माणसाच्या हाती कधीही देऊ नये, मग तो कितीही सज्जन असो. हयातीचा दाखला वर्षातून एकदा सरकार मागते. शेजाऱ्याने तो रोज मागावा. आणि दूर गेलेल्या माणसाचे पत्र आले, तर अक्षर ओळखून स्वस्थ बसू नये. गाडीभाडे खर्चून जावे आणि माणूस डोळ्यांनी पाहून यावे.