डोहाळे आणि आरसा

आपल्याकडे गर्भारशीचे कौतुक फार. तिला काय खावेसे वाटते हे येणारी-जाणारी प्रत्येक बाई विचारते. पण बदलत्या शरीराकडे पाहून तिला काय वाटते, हे सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक 'डोहाळे' हा शब्दच मनाशी जोडलेला आहे. संस्कृत 'दौहृद' शब्दापासून तो आला. सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यातील गर्भिणीला 'दौहृदिनी' म्हटले आहे, म्हणजे एका देहात दोन हृदये बाळगणारी. तिची इच्छा डावलू नये, असेही तेथे सांगितले आहे. आपण ते चिंच-कैरीपुरते ठेवले, आणि बोलण्यात 'भिकेचे डोहाळे' ही टिंगल तेवढी वापरात राहिली.

शरीरात या काळात होते तरी काय? रक्ताचे प्रमाण सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढते. वजन साधारण दहा-बारा किलोंनी वाढते. ती सगळी चरबी नव्हे. मूल, वार, गर्भजल, वाढलेले गर्भाशय व रक्त यांचा त्यात मोठा वाटा असतो. संप्रेरकांमुळे त्वचेतील रंगद्रव्य वाढते, म्हणून गालांवर वांग येतात आणि बेंबीखाली काळी रेघ उमटते. हे बहुधा पुढे फिके पडते. पोटावरच्या ताणाच्या रेघा मात्र पुसट झाल्या तरी राहतात. यात रोग काही नाही. पण शेजारीण म्हणते, "किती काळवंडलीस गं!" आणि लगेच चेहऱ्यावरून मुलगा की मुलगी याचे भाकीत सुरू होते. त्या भाकितास शास्त्राचा काडीचा आधार नाही. बाईच्या मनावर ओझे मात्र पडते. लोहाच्या गोळ्यांनी मूल काळे होते या समजुतीपायी गोळ्या उशाखाली जातात. मूल मोठे झाले तर बाळंतपण अवघड होईल या भीतीने काहीजणी पोटभर जेवतही नाहीत.

डोहाळेजेवणात हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळा असा थाट असतो. वाढलेले पोट त्या दिवशी लपवायचे नसते, ते मिरवायचे असते. मला ही चाल म्हणूनच आवडते. पण ते तास-दोन तासांचे. आमच्या धाराशिव जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गोष्ट वेगळीच आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. तेथे शरीराचे मोल मोळ्यांवर ठरते. पोट पुढे आले, वाकणे जड झाले, की बाईला आपण जोडीदारावर भार झालो असे वाटू लागते. आरसा पाहण्याची सवड तिला कोठली? तरीही आपल्या देहाविषयीचा तिचा अभिमान तेथेच दुखावतो.

वयाचाही प्रश्न आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांची लग्ने अठरा वर्षे पुरी होण्याआधी झाली होती. म्हणजे माझ्याएवढ्या वयात कित्येकींच्या मांडीवर मूल असते. स्वतःच्या देहाची नुकती ओळख होते न होते तोच तो देह पालटतो.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कारण नसता रडू येणे पुष्कळ जणींना होते व दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढेही उदासी राहिली, झोप लागेना, बाळाविषयी काहीच वाटेना, तर तो आजार समजावा. घरी मात्र "बाहेरचे लागले" म्हणून अंगारा येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार विकसनशील देशांत गर्भवतींपैकी १५.६ टक्के आणि बाळंतिणींपैकी १९.८ टक्के स्त्रियांना मानसिक त्रास होतो. त्यात नैराश्य प्रमुख. ते ओळखण्यासाठी १९८७ साली एडिंबरो येथे दहा प्रश्नांची एक पट्टी तयार झाली. गेल्या सात दिवसांत हसू आले का, स्वतःला उगाच दोष दिला का, असे साधे प्रश्न तीत आहेत. असे प्रश्न जाऊबाईसुद्धा विचारू शकेल.

हल्ली मोबाईलवर बाळंत होऊन महिन्याच्या आत पूर्ववत सडपातळ झालेल्या नट्यांची छायाचित्रे दिसतात. गर्भाशय मूळ आकारास येण्यासच सुमारे सहा आठवडे लागतात. आपल्याकडचा सव्वा महिना त्याच्या बराच जवळ जातो, हे आजीबाईंच्या बाजूने नोंदवून ठेवते. दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागतात, तेही बहुधा पुन्हा येतात.

मन फारच खचले तर आशाताईंना किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात सांगावे. २०२२ पासून 'टेलिमानस' ही शासकीय सेवाही आहे. तिचा क्रमांक १४४१६. तेथे मराठीत बोलता येते, आणि रात्री-अपरात्रीही.