चियाची खीर

चिया ही तुळशीच्या कुळातील एक वनस्पती. तिची मायभूमी मेक्सिको. इ. स. १५२१ मध्ये स्पॅनिश सैन्याने अ‍ॅझटेक लोकांची राजधानी जिंकली; त्यापूर्वी तेथील प्रजा राजाला मक्याबरोबर चियाही करभार म्हणून देत असे. तिळाहून लहान असे हे करडे बी पाण्यात पडले, की त्याभोवती सब्ज्यासारखे बुळबुळीत कवच धरते. आपल्या वजनाच्या दहापट पाणी ते सहज शोषते! म्हणूनच कोरडे बी तोंडात टाकून वर पाणी पिणे धोक्याचे. अन्ननलिकेतच फुगून ते तेथे अडकू शकते.

ही खीर चुलीवर चढत नाही. रात्री पेलाभर दुधात चार मोठे चमचे चिया व थोडा मध घालून ढवळावे. दहा मिनिटांनी पुन्हा ढवळणे अगत्याचे. नाहीतर बियांचे गोळे होतात आणि त्यांच्या पोटातील बी कोरडेच राहते. मग भांडे झाकून शीतकपाटात ठेवावे. बाहेर ठेवल्यास दूध नासेल. सकाळपर्यंत खीर चांगली दाट होते. बदाम-अक्रोडांचे तुकडे मात्र वाढतानाच घालावेत. रात्रभर भिजलेला अक्रोड मऊ पडतो, आणि मग त्या मऊ खिरीत दाताखाली येण्याजोगे काहीच उरत नाही.