मनाचा आजार आणि संपूर्ण माणूस

अंगात ताप भरला की आपण घरच्या माणसास डॉक्टरांकडे नेतो. हाड मोडले तर तत्काळ दवाखाना गाठतो. परंतु तेच माणूस आठवडेच्या आठवडे झोपेवाचून तळमळू लागले, त्याची अन्नावरची वासना उडाली, ‘आता जगून काय करायचे?’ असे ते बोलू लागले, म्हणजे घराची दारे लोटून घेतली जातात. कोणी म्हणतो, बाहेरची बाधा आहे. कोणी म्हणतो, आळस आहे. आणि कोणी भाविक म्हणतो, याची श्रद्धाच उणी पडली. या तिन्ही निदानांनी आजाऱ्याचे दुःख तिळभरही हलके होत नाही. त्यात लाजेची भर मात्र पडते.

मनाच्या आजारावर इलाज करताना माणसाचा एकच भाग पाहू नये, असे या विषयातील जाणते आज सांगतात. जॉर्ज एंगेल या अमेरिकन डॉक्टरांनी १९७७ साली हा विचार आग्रहाने मांडला. शरीर, मन आणि माणसाचे सामाजिक जीवन या तिन्हींकडे एकत्र पाहिले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. खिन्नतेने ग्रासलेल्या एखाद्या गृहिणीचेच उदाहरण घेऊ. तिच्या गळ्यातील थायरॉईड ग्रंथी मंदावली असेल, तर तेवढ्यानेही मन उदास होऊ शकते. त्याकरिता रक्ताची तपासणी हवी. पण त्याच वेळी नवऱ्याचे दारूचे व्यसन, सावकाराचे कर्ज किंवा पोटच्या मुलाच्या मृत्यूचा कधीच न बोललेला शोकही तिला आतून पोखरीत असेल. गोळीने कर्ज फिटत नाही, आणि धीराच्या शब्दांनी ग्रंथी सुधारत नाही.

हा विचार आपणां ख्रिस्ती लोकांस परका वाटू नये. जुन्या करारात, राजांच्या पहिल्या ग्रंथात, एलिया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्यास उपदेश करीत नाही. तो त्यास भाकरी व पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, आणि पुन्हा उठवून खाऊ घालतो. त्यानंतर होरेब डोंगरावर देव त्याचे गाऱ्हाणे ऐकून घेतो, त्यास काम नेमून देतो आणि अलिशासारखा सोबती देतो. आधी देहाची विश्रांती, मग मनाचे ऐकणे, मग काम आणि सोबत, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

अशा सोबतीचे मोल गोव्यात मोजूनही पाहण्यात आले आहे. तेथील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र स्वरूपाच्या खिन्नतेच्या ४९५ रुग्णांचा अभ्यास झाला. त्याचा अहवाल ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१७ साली छापला. सुमारे निम्म्या रुग्णांस केंद्रातील उपचारांखेरीज समुपदेशकाच्या सहा ते आठ भेटी मिळावयाच्या होत्या. हे समुपदेशक मनोविकारतज्ज्ञ नव्हते. शिकवून तयार केलेली स्थानिक, साधी माणसे होती. रुग्णाने सोडून दिलेली रोजची कामे थोडी थोडी पुन्हा सुरू करणे, अडचणींतून वाट काढणे, आप्तांची मदत घेणे, यांत ते साहाय्य करीत. तीन महिन्यांनी या रुग्णांपैकी शंभरात ६४ जण खिन्नतेतून बाहेर आले होते. केवळ केंद्रातील उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ होते.

मग घरच्यांनी काय करावे? प्रथम न टोकता ऐकावे, आणि डॉक्टरांस दाखवावे. चालू असलेल्या गोळ्या बरे वाटू लागले म्हणून परस्पर बंद करू नयेत. नोव्हेना अवश्य करावी, आम्हीही प्रार्थना करू. परंतु प्रार्थना ही औषधाची वैरीण नव्हे. पापनिवेदनात आम्ही धर्मगुरू पापांची क्षमा देतो. खिन्नता हे पाप नव्हे; तिला उपचार हवा.

कोणी मरणाची भाषा बोलू लागला तर त्यास एकटे सोडू नये. त्यास सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत खोटी आहे. शेतीची विषारी औषधे कुलपात ठेवावीत. सरकारची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा २०२२ पासून १४४१६ या दूरध्वनी क्रमांकावर रात्रंदिवस, मराठीतूनही, उपलब्ध आहे.

शेजारी तापाने पडला म्हणजे आपण त्याच्याकडे पेज घेऊन जातो. मनाने खचलेल्याच्या घरीही तसेच जावे. फार बोलू नये, जवळ बसावे.